‘दोघांना जरा समजावून सांगा’: बाहेरून फॅसिलिटेटर बोलावलेल्या एका टीमचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच कामातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत, त्यात माझ्याही आल्या. मी बाहेरून येणारी फॅसिलिटेटर, म्हणजे टीमला आपापसांत नीट बोलायला आणि ठरवायला मदत करणारी. मराठीत ‘सुलभक’ म्हणतात, पण तो शब्द शिक्षण आणि संस्थांच्या प्रशिक्षणात रुळला. कंपनीत ‘आज सुलभक येणार आहेत’ म्हटलं तर लोक एकमेकांकडे बघतात. म्हणून इथे फॅसिलिटेटरच.

पार्श्वभूमी

कंपनी प्रयोगशाळांतल्या उपकरणांची देखभाल-दुरुस्ती करते. रक्ततपासणीचे अॅनालायझर, सेंट्रिफ्यूज अशी यंत्रं. टीम चौदा जणांची: डेस्कवर पाच, फील्डवर नऊ सर्व्हिस इंजिनिअर. ग्राहकाचा फोन डेस्क घेतो, कॉल नोंदवतो आणि कोणाला द्यायचा ते ठरवतो. इंजिनिअर जागेवर जाऊन मशीन चालू करतो, जॉब शीट भरतो, कॉल क्लोज करतो.

दीड वर्षापूर्वीपर्यंत डेस्क नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक इंजिनिअरचा भाग ठरलेला असे आणि ग्राहक थेट त्याच्या मोबाइलवर फोन करत. ‘परवा केलं होतंत ना, तेच परत होतंय’ एवढं म्हटलं की इंजिनिअरला कळायचं कुठलं मशीन, कुठला पार्ट. पुढे कंपनी वाढली, एक इंजिनिअर रजेवर गेला की त्याचा अख्खा भाग ठप्प होऊ लागला, म्हणून सगळे कॉल एका क्रमांकावर आणले गेले. नवं सॉफ्टवेअर आलं. डेस्क आणि फील्ड मिळून एक टीम झाली आणि तिची लीड म्हणून डेस्क उभा करणाऱ्या बाईंना नेमलं.

फील्डमधल्या सगळ्यांत जुन्या, सीनियर इंजिनिअरनी ती जागा आपलीच धरली होती. अर्धा फील्ड त्यांच्या हाताखाली तयार झालेला. जागा त्यांना का मिळाली नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नेमणुकीचा मेल सगळ्यांना गेला तसा त्यांनाही गेला, इतकंच.

अडचण

मला पहिला फोन विभागप्रमुखांचा आला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अडचण संवादाची होती. सहा महिन्यांत दोघांनी राजीनामे दिले होते, दोघंही फील्डचे. टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी प्रश्न विचारला की उत्तर येई ‘नोटेड’, नाहीतर नुसता अंगठा. आठवड्याच्या मीटिंगमध्ये लीड बोलत, डेस्कची माणसं लिहून घेत आणि फील्डची माणसं मोबाइलकडे बघत बसत. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या होत्या, पण महिन्याच्या अहवालात मात्र सगळं हिरवं. हे शेवटचं ते जाता जाता बोलून गेले, आणि मीही त्या वेळी त्यावरून पुढे गेले.

फोन संपता संपता दोन वाक्यं आली. पहिलं, “मुळात दोन माणसांचं पटत नाही, बाकीचे बाजू घेतात. तुम्ही दोघांना जरा समजावून सांगा.” आणि दुसरं जरा दबक्या आवाजात, “तुम्ही सगळ्यांशी बोलालच. तर बाहेरचं माणूस म्हणून मला सांगा, लीड चालतील का?”

पुढचं अख्खं प्रकरण त्या दुसऱ्या वाक्याभोवती फिरलं.

कोणते पर्याय होते

विभागप्रमुखांच्या मनात होती एका दिवसाची टीम-बिल्डिंग कार्यशाळा. खेळ, गट, शेवटी ग्रुप फोटो. मी अशा कार्यशाळांच्या विरोधात नाही. नवी टीम असेल, एकमेकांची नावंही धड माहीत नसतील, तर त्या कामाला येतात. पण दोन माणसं जाऊनही जिथे कोणी उघड बोलत नाही तिथे दोरी ओढण्याचा खेळ ठेवला, तर लोक दोरी ओढतात आणि सोमवारी पुन्हा ‘नोटेड’ लिहितात.

दुसरा पर्याय एचआरचा. कंपनीच्या एचआर व्यवस्थापक समंजस होत्या, कामही चोख. पण लीडच्या निवडीच्या पॅनेलवर त्या स्वतः होत्या. फील्डच्या नजरेत त्या तटस्थ नव्हत्या आणि होऊही शकल्या नसत्या. हे त्यांनीच मला आपण होऊन सांगितलं. बाहेरचं माणूस आणण्यामागचं हे एक खरं कारण होतं. बाहेरचा माणूस फार हुशार असतो म्हणून त्याला बोलावत नाहीत. मागच्या हिशेबात त्याचं नाव कुठे नसतं, म्हणून बोलावतात.

तिसरा पर्याय, फक्त दोघांना समोरासमोर बसवून मध्यस्थी. माझा पहिला कल इकडेच होता. भांडण खरंच दोघांचं असतं तर तेच योग्य ठरलं असतं. पण दोन राजीनामे दिलेली माणसं या दोघांपैकी नव्हती. भांडण दोघांचं, मग सोडून गेले तिसरेच, असं का? कुठेतरी पाणी मुरत होतं. चौथा पर्याय लीड बदलण्याचा. तो कोणी उच्चारत नव्हतं, पण दबक्या आवाजातल्या प्रश्नामागे तोच होता.

एमआयटीत शिकवणारे एडगर शाइन यांनी 1969 साली सल्लागाराच्या कामाचे तीन प्रकार मांडले. एकात गिऱ्हाईक तयार ज्ञान विकत घेतं. दुसऱ्यात सल्लागार डॉक्टर होतो, तपासतो आणि औषध लिहून देतो. तिसऱ्यात प्रश्न गिऱ्हाइकाचाच राहतो. सल्लागार त्याला तो नीट बघायला मदत करतो आणि कसं बोलायचं, कसं ठरवायचं ती वाट सांभाळतो. विभागप्रमुखांना डॉक्टर हवा होता. त्यातही तपासायची एकच व्यक्ती, आणि तिच्या नकळत.

मी कळवलं की लीडबद्दल मत देणार नाही, आत्ताही नाही आणि शेवटीही नाही. त्यासाठी कंपनीकडे कामगिरीचं मूल्यमापन, म्हणजे अप्रेझल, आहे. एका पानाचा करार लिहिला. चौदाही जणांशी स्वतंत्र बोलणार. विभागप्रमुखांपर्यंत फक्त मुद्दे जातील, तेही किमान तिघांनी सांगितलेले, आणि आधी टीमला दाखवून. नावं आणि कोणाची विधानं जाणार नाहीत. लोक त्रासाचं किंवा सुरक्षिततेचं काही बोलले, तर ते मला एचआरला सांगावं लागेल, हेही त्यात होतं. गुप्ततेचं वचन देताना त्याची हद्द सांगितली नाही तर ते वचन खोटं ठरतं.

विभागप्रमुख दोन दिवस गप्प होते. मग सही आली. काम हातचं गेलं असं मी तोवर धरून चालले होते.

एकेकट्यानं बोलणं

चौदा बैठका, प्रत्येकी साधारण पाऊण तास, दोन आठवडे. प्रश्न तीनच: तुमच्या कामात काय नीट चालतं, काय अडतं, आणि मीटिंगमध्ये जे तुम्ही बोलत नाही ते काय?

फील्डकडून ऐकलं: डेस्क उंटावरून शेळ्या हाकतो. कॉलमध्ये धड माहिती नसते, मशीनपाशी पोचल्यावर कळतं की भलताच पार्ट घेऊन आलो. डेस्ककडून ऐकलं: इंजिनिअर जॉब शीट कोरी सोडतात, फोन उचलत नाहीत, आणि ग्राहकाच्या शिव्या आम्ही खातो. सीनियर इंजिनिअर पहिली वीस मिनिटं फक्त मशीनबद्दल बोलले. मग म्हणाले, “डेस्क म्हणजे पोस्टखातं आहे. पाकीट न फोडता पुढे ढकलतात.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. फार आवडलं होतं मला. तिथेच घोटाळा झाला.

लीडशी बोलणं सगळ्यांत लांबलं. त्यांना ठाऊक होतं की त्यांच्याबद्दल विचारणा झाली आहे. कसं ते मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “मी कडक आहे असं म्हणतात. पण तासाभरात कॉल अलॉट झाला नाही तर लाल खूण माझ्या नावापुढे लागते.” मी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याच वाक्यापाशी थांबायला हवं होतं.

पहिलं सत्र: एका कॉलचा प्रवास

अर्धा दिवस. विभागप्रमुखांना मी खोलीबाहेर ठेवलं. ते असताना कोणी बोललं नसतं, असा माझा हिशेब. तो निम्माच बरोबर होता.

सुरुवातीला चर्चा नव्हतीच. प्रत्येकाला कोरी कार्डं आणि दहा मिनिटं, बोलायचं नाही, फक्त लिहायचं. मग एका फेरीत प्रत्येकाने एकच कार्ड वाचायचं, कोणी उत्तर द्यायचं नाही. डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी 1971 साली मांडलेल्या नॉमिनल ग्रुप टेक्निकचा हा गाभा. बोलकी माणसं खोली व्यापतात त्या आधी न बोलणाऱ्यांचं म्हणणं कागदावर उतरतं. दहा मिनिटांतली पहिली चार फार लांब वाटतात. पेनचे आवाज, खुर्च्यांची कुरकुर. एकाने दोनदा माझ्याकडे पाहिलं, ‘झालं का?’ अशा नजरेने. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

कार्डांमध्ये नवीन फारसं नव्हतं. आरोप तेच, फक्त हस्ताक्षरात. घोडं हललं ते पुढच्या भागात. गेल्या महिन्यातला एक खरा कॉल घेतला आणि फोन वाजल्यापासून क्लोज होईपर्यंतचा त्याचा प्रवास भिंतीवर लावला. प्रत्येक पायरी ज्याने केली त्यानेच लिहायची.

ग्राहकाने फोनवर सांगितलं होतं की अॅनालायझरची रीडिंग वर-खाली येतायत, सकाळी ठीक असतात आणि मशीन तापलं की बिघडतात. डेस्कवरच्या मुलीने नोंदवलं ‘रीडिंग प्रॉब्लेम’. का? तिने पुढच्या कार्डावर लिहिलं, “फॉर्ममध्ये पाच पर्याय आहेत. सविस्तर लिहायला वेळ नाही, तासाचं घड्याळ चालू असतं.” इंजिनिअरने नोंद वाचून कॅलिब्रेशनचं, म्हणजे मशीनचं मोजमाप जुळवण्याचं, सामान घेतलं. जागेवर कॅलिब्रेशन केलं, रीडिंग जुळली, कॉल क्लोज. दोन दिवसांनी तोच ग्राहक, तीच तक्रार. दोष निघाला फोटोमीटरच्या, म्हणजे नमुन्यातून जाणारा प्रकाश मोजणाऱ्या भागाच्या, दिव्याचा. दिवा म्हातारा झाला की प्रकाश स्थिर राहत नाही आणि रीडिंग भरकटतात. ‘मशीन तापलं की’ हे तीन शब्द इंजिनिअरपर्यंत पोचले असते, तर तो पहिल्याच फेरीला दिवा घेऊन गेला असता.

इथवर डेस्कची चूक दिसत होती आणि फील्डची माणसं खुर्चीत मागे रेलून बसली होती. मग मी विचारलं, दुसऱ्या वेळी तोच कॉल पुन्हा उघडला की नवा नोंदवला?

कोणीच बोलेना. अखेर एक तरुण इंजिनिअर म्हणाला, “नवा. नेहमी नवाच करतो आम्ही.” आणखी काही क्षणांनी, “जुना उघडला तर रिपीट दिसतो. रिपीट आपल्या नावावर येतो. अप्रेझलला क्लोज झालेले कॉल मोजतात ना.”

डेस्कवरची एक जण म्हणाली, “म्हणजे ग्राहक मला म्हणतो तिसऱ्यांदा फोन करतोय, आणि माझ्या स्क्रीनवर पहिलाच दिसतो, तो यामुळे?”

अहवाल हिरवा का होता ते तेव्हा समजलं. डेस्क तासाभरात अलॉट करण्यावर मोजला जात होता, म्हणून कमी लिहीत होता. फील्ड क्लोज केलेल्या कॉलवर मोजला जात होता, म्हणून घाईने क्लोज करत होता आणि रिपीट लपवत होता. दोघंही आपापल्या मापात उत्तीर्ण. नापास होत होता तो एकच, सकाळपासून नमुने घेऊन बसलेला ग्राहक. आणि सोडून गेलेले दोघं? त्यातला एक जॉब शीट नीट भरायचा, रिपीट रिपीट म्हणूनच नोंदवायचा, आणि म्हणून त्याचे आकडे टीममध्ये सगळ्यांत वाईट होते. हे लीडने स्वतः सांगितलं, भिंतीकडे बघत.

पण मापं बदलायचा अधिकार खोलीतल्या कोणालाच नव्हता. ज्यांना होता त्यांना मी बाहेर बसवलं होतं. सत्र संपलं तेव्हा लोक हलके झाले होते आणि हात मात्र बांधलेले. निघताना एक जण म्हणाला, “छान वाटलं. होणार काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मधली चूक

सत्रानंतर विभागप्रमुखांनी लगेच टिपण मागितलं. मापं बदलण्याचा प्रस्ताव पुढच्या आठवड्यातल्या वरच्या मीटिंगमध्ये न्यायचा होता. करारानुसार टिपण आधी टीमला दाखवायचं होतं. घाई होती, मुद्दे तर सगळ्यांसमोर भिंतीवरच आले होते, असं स्वतःला समजावून मी थेट पाठवलं. आणि माहिती पुढे पोचत नाही हा मुद्दा नीट ठसावा म्हणून त्यात एक वाक्य घातलं: पाकीट न फोडता पुढे ढकललं जातं.

मुद्दा निदान सहा जणांनी सांगितला होता, म्हणजे तिघांचा नियम पाळला होता. शब्द मात्र एकाच माणसाचे होते, आणि ते कोणाचे हे त्या टीममध्ये कोणीही ओळखलं असतं.

तीन दिवसांनी विभागप्रमुख डेस्कजवळून जाताना हसत म्हणाले, “काय, आज किती पाकिटं फोडली?” वाईट हेतू नव्हता. वातावरण हलकं करायचं होतं त्यांना. डेस्कच्या माणसांना कळलं, सीनियर इंजिनिअर आपल्याला काय म्हणतात. सीनियर इंजिनिअरना कळलं, आपण बोललो ते वर गेलं. संध्याकाळी त्यांचा मला मेसेज आला. एकच शब्द. नोटेड.

दोन पर्याय होते. एक, त्यांना गाठून एकट्याने माफी मागायची आणि पुढे जायचं. दुसरा, सगळ्यांसमोर सांगायचं. एकट्याची माफी सोपी होती, पण विश्वास एकट्याचा तुटला नव्हता. बाकीच्या तेरा जणांनीही आपण काय काय बोललो ते मनात उजळून पाहिलं असणार. मी दोन्ही केलं, आधी त्यांना भेटून आणि मग सगळ्यांपुढे. भेटीत त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “तुम्ही वहीत लिहिलंत तेव्हाच मला वाटलं होतं.”

दुसरं सत्र

तीन आठवड्यांनी. पहिली दहा मिनिटं माझ्या चुकीवर गेली. कराराचं पान भिंतीवर लावलं, कुठलं कलम मोडलं त्यावर बोट ठेवलं आणि थांबले. समजावत बसले नाही. डेस्कवरच्या त्या मुलीने विचारलं, “मग आता टिपण कोण लिहिणार?” प्रश्न रास्त होता. ठरलं की टिपण टीममधले दोघं लिहितील, एक डेस्कचा, एक फील्डचा, आणि मी फक्त वाचीन. खरं तर पहिल्या दिवसापासून असंच असायला हवं होतं.

या वेळी शेवटचा दीड तास विभागप्रमुख खोलीत होते. त्यांनी काय करायचं हे आधी ठरवून घेतलं होतं. पहिला अर्धा तास फक्त ऐकायचं. मग तीन गोष्टींपैकी प्रत्येकीला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘या तारखेपर्यंत सांगतो’ यातलं एक उत्तर द्यायचं. ‘बघू’ चालणार नाही.

टीमने तीन मागण्या ठेवल्या. पंधरा दिवसांत त्याच मशीनचा कॉल आला तर सॉफ्टवेअरनेच तो रिपीट धरावा, माणसावर सोडू नये. अप्रेझलमध्ये क्लोज झालेल्या कॉलऐवजी पहिल्याच फेरीत सुटलेले कॉल मोजावेत. आणि कॉल फॉर्मवर तीन ठरलेले प्रश्न असावेत, त्यासाठी डेस्कचं तासाचं माप सैल करावं. पहिल्याला आणि तिसऱ्याला जागेवर हो मिळालं. दुसऱ्याला तारीख मिळाली, कारण अप्रेझलचे निकष वरून यायचे. ती तारीख नंतर एकदा पुढे गेली.

तीन प्रश्न कुठले यावर चाळीस मिनिटं गेली आणि मला ती अजून आठवतात, कारण डेस्क आणि फील्ड पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते, माझ्याशी नाही. डेस्कला हवे होते ग्राहकाला समजतील असे प्रश्न. फील्डला हवे होते पार्ट ठरवायला उपयोगी पडतील असे. सीनियर इंजिनिअर तोवर गप्प होते. मग त्यांनी एक कार्ड पुढे सरकवलं: “बिघाड सतत आहे की अधूनमधून? अधूनमधून असेल तर कधी?” लीडनी वाचलं आणि म्हणाल्या, “हा पहिला घेऊ.”

एकेकट्याला आधार: कोणी द्यायचा?

दोन सत्रांच्या मधल्या काळात लीडनी मला विचारलं होतं, स्वतंत्रपणे मला मार्गदर्शन कराल का? नेतृत्व त्यांच्यावर अचानक आलं होतं, शिकवलं कोणीच नव्हतं. मी हो म्हटलं आणि दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीत त्या टीममधल्या एकाबद्दल बोलू लागल्या आणि माझ्या डोक्यात त्याच माणसाने मला खासगीत सांगितलेलं घोळत होतं. मी लीडना प्रश्न विचारत होते, पण ते प्रश्न मला जे माहीत नसायला हवं त्यातून येत होते. त्या दिवशी थांबवलं आणि दुसरी कोच सुचवली, जिने या टीममध्ये पाऊलही टाकलेलं नव्हतं. छोट्या कंपन्यांत एकच बाहेरचं माणूस दोन्ही करतं, खर्च वाचतो म्हणून. माझ्या मते त्यातून वाचतं त्याहून जास्त जातं. पण इथे तरी हा शहाणपणा मला दोन भेटींनंतर सुचला, आधी नाही.

सीनियर इंजिनिअरसाठी विभागप्रमुखांनी कोचिंग सुचवलं. मी नको म्हटलं. त्यांना कोच नको होता. आपली निवड का झाली नाही याचं उत्तर हवं होतं, आणि ते ज्यांनी निवड केली त्यांच्याकडेच होतं. एखाद्या गोष्टीचं उत्तर देणं अवघड वाटलं की माणसाला प्रशिक्षणाला पाठवायचं, ही युक्ती मी फार ठिकाणी पाहिली आहे. मी दूत व्हायचंही नाकारलं. विभागप्रमुखांनी ते बोलणं तीन आठवडे टाळलं, मग एका दुपारी दहा मिनिटांत उरकलं. कसं झालं असं मी सीनियर इंजिनिअरना विचारलं तर म्हणाले, “कारण पटलं नाही. पण कारण होतं एवढं तरी कळलं.”

काय झालं

पहिल्याच महिन्यात रिपीट कॉलचा आकडा वर उसळला आणि अहवाल लाल झाला. विभागप्रमुखांचा फोन आला, आवाजात तक्रार होती. त्यांना मी संशोधक एमी एडमंडसन यांचं काम सांगितलं. 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना त्यांना उलटंच चित्र दिसलं: चांगल्या चालणाऱ्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत असण्यापेक्षा त्या बोलल्या जात असण्याची शक्यता त्यांनी मांडली आणि त्यातूनच पुढे, 1999 च्या शोधनिबंधात, टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवायला भीती न वाटण्याची, संकल्पना त्यांनी उभी केली. विभागप्रमुखांनी ऐकलं आणि विचारलं, “हे मी वरच्या मीटिंगमध्ये कसं सांगू?” त्यावर आम्ही अर्धा तास बसलो. दिलेली शाब्बासकी आणि केलेली टीका जुन्या आकड्यांवर होती, हे त्यांनी वर स्वतः मांडायचं ठरवलं. त्या प्रकरणातला सगळ्यांत धाडसी निर्णय मला तो वाटतो.

तीन महिन्यांनी पुन्हा गेले. रिपीट खाली येऊ लागले होते, पण आधीचा खरा आकडाच कोणाकडे नसल्याने किती सुधारलं ते सांगता येत नव्हतं. तसं मी अहवालात लिहिलं. ग्रुपवर ‘नोटेड’ अजून येत होतं, कधीकधी. आठवड्याच्या मीटिंगची जागा एका कॉलच्या प्रवासाने घेतली होती, आळीपाळीने कोणीतरी भिंतीवर मांडे. लीड अजूनही कडकच होत्या. त्यांना कोणी नरम व्हा म्हटलेलंच नव्हतं.

सीनियर इंजिनिअर आणखी चार महिने राहिले आणि दुसरीकडे मोठ्या जागेवर गेले. कंपनीने हे अपयश धरलं. मला तसं वाटत नाही, पण यश म्हणायलाही जीभ रेटत नाही. निवड न होण्याचं कारण नेमणुकीच्या दिवशीच सांगितलं असतं तर ते थांबले असते का, हा प्रश्न मी एचआरना विचारला. त्या म्हणाल्या, “तेव्हा आम्हाला वाटलं, न बोलणं जास्त सभ्य आहे.”

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या फोनवर ‘सगळं हिरवं आहे, तक्रारी वाढल्यात’ हे ऐकलं तेव्हाच मापं मागवली असती. भांडणाची गोष्ट ऐकायला रंजक असते आणि मापांचा तक्ता कंटाळवाणा, म्हणून मी गोष्टीमागे गेले. चौदा बैठकांआधी दोन तास अप्रेझलचे फॉर्म वाचले असते, तर लीडचं ‘लाल खूण’वालं वाक्य कानावरून गेलं नसतं.

विभागप्रमुखांना पहिल्या सत्राच्या शेवटच्या तासाला आणलं असतं. वरिष्ठ खोलीत असावेत की नसावेत असा प्रश्न मी विचारला होता. विचारायला हवं होतं ते असं: कुठल्या तासाला, काय करायला?

वहीत आता मी लोकांची वाक्यं लिहीत नाही, मुद्दा माझ्या शब्दांत लिहिते. त्यामुळे टिपणं बेचव होतात, आणि विभागप्रमुखांसारखी माणसं विचारतात की एखादं बोलकं उदाहरण नाही का. त्यांना मी भिंतीवरच्या कॉलकडे पाठवते.

एका बाबतीत माझं मत अजून ठरलेलं नाही. सगळ्यांसमोर चूक कबूल केली त्याने विश्वास परत आला, असं टीममधले काही जण म्हणाले. सीनियर इंजिनिअर तसं कधीच म्हणाले नाहीत. त्या सत्रात त्यांनी कार्ड पुढे सरकवलं, पण नंतर माझ्याशी जे बोलले ते मोजकंच, आणि मी वही बंद करून पिशवीत ठेवल्यानंतरच. फॉर्मवर पहिला प्रश्न त्यांचाच आहे, अजूनही, जवळपास त्यांच्याच शब्दांत. या वेळी शब्द वापरायच्या आधी लीडनी त्यांना विचारलं होतं.